पथ्याबरोबर पथही सांगावा

औषध लिहून देताना आपण वैद्य मात्रा सांगतो, काल सांगतो, अनुपान सांगतो. चूर्ण कोमट पाण्याबरोबर घ्यावे की मधाबरोबर, भोजनापूर्वी घ्यावे की भोजनोत्तर, याविषयी रुग्णाच्या मनात संदेह राहू देत नाही. परंतु व्यायामाचा विषय आला की आपली लेखणी एकाएकी आखडते. 'नियमित व्यायाम करावा' एवढे एक वाक्य चिठ्ठीच्या तळाशी लिहून आपण पुढच्या रुग्णाला आत बोलावतो. कोणता व्यायाम, किती, केव्हा आणि मुख्य म्हणजे कोठे, हे प्रश्न रुग्णाच्याच पदरी राहतात.

यांपैकी 'कोठे' हा प्रश्न प्रस्तुत लेखाचा विषय आहे. संरक्षित वनातून व त्याच्या भोवतालच्या शिवारातून जाणारा, मोटारी नसलेला, सपाट आणि सोपा सायकलमार्ग ही चैनीची वस्तू नसून चिकित्सेचे एक उपकरण आहे. असे मार्ग आपल्या परिसरात असावेत ही मागणी करणे, आणि ते असतील तेथे त्यांचा शास्त्रशुद्ध उपयोग सांगणे, हे वैद्यांचे कर्तव्य आहे असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या व्यवसायबंधूंपैकी काहींना हा विषय त्रैमासिकाच्या पानांवर थोडा परका वाटेल. म्हणून प्रथम शास्त्राकडेच वळू.

शास्त्र काय सांगते

'पथ्य' हा शब्दच मुळी 'पथ' या शब्दापासून आला आहे. जे पथापासून दूर नेत नाही ते पथ्य, अशी व्याख्या चरकसंहितेत आहे. तेथे पथ म्हणजे शरीरातील स्रोतसे अभिप्रेत आहेत, हे आपण जाणतोच. तरीही शरीरातील मार्ग मोकळे राहावेत यासाठी शरीराबाहेरचा मार्गही मोकळा असावा लागतो, हे सुश्रुताचार्यांना ठाऊक होते. प्रमेहचिकित्सेत त्यांनी वाढलेल्या प्रमेहासाठी कुस्ती, क्रीडा, हत्ती, घोडा व रथ यांवरून फिरणे आणि पायी चालणे असे विविध व्यायाम सांगितले आहेत. ज्या रुग्णाजवळ धन नाही त्याने पायांत पादत्राण व डोक्यावर छत्र न घेता, भिक्षान्नावर राहून, प्रत्येक गावी एकच रात्र मुक्काम करीत, मुनीप्रमाणे संयमाने शंभर योजने किंवा त्याहून अधिक वाट चालावी, असा त्यांचा आदेश आहे.

या आदेशाचे मर्म आपण नीट पाहिले पाहिजे. येथे केवळ श्रम सांगितलेले नाहीत. मार्ग सांगितला आहे, मुक्काम सांगितला आहे, आहार सांगितला आहे आणि मनाची वृत्तीही सांगितली आहे. एका गावाहून दुसऱ्या गावाला जोडणारी, चालणाऱ्याला धोका नसलेली वाट त्या काळी सर्वत्र होती, म्हणून वाट कोणती हे वेगळे सांगण्याचे कारण नव्हते. आज ते कारण निर्माण झाले आहे.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्या उंबरठ्यावर उभे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. आकडे स्पष्ट आहेत, उपायही स्पष्ट आहे. परंतु तालुक्याच्या गावात राहणाऱ्या पंचावन्न वर्षांच्या स्थूल प्रमेही गृहिणीने ही १५० मिनिटे कोठे घालवावीत? राज्यमार्गाच्या कडेला मालमोटारी अंगावर येतात. शहरात पदपथ फेरीवाल्यांनी आणि उभ्या केलेल्या वाहनांनी व्यापलेले असतात. व्यायामाने श्वासाचे प्रमाण वाढते, त्यामुळे धूर व धूळही तेवढ्याच अधिक प्रमाणात आत जाते. अशा रस्त्यावर तमकश्वासाच्या रुग्णाला 'सायकल चालवा' असे सांगणे म्हणजे एका हाताने औषध देऊन दुसऱ्या हाताने निदानसेवन घडविणे होय.

भरतपूरचा दाखला

मोटारी दूर ठेवून वनात सोपा सायकलमार्ग राखता येतो, याचे उत्तम भारतीय उदाहरण म्हणजे राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव राष्ट्रीय उद्यान. स्थानिक लोक त्याला 'घना' म्हणतात. आग्रा-जयपूर महामार्गाला लागून असलेले हे उद्यान फक्त सुमारे २९ चौरस किलोमीटरचे आहे. पूर्वी ही भरतपूरच्या राजघराण्याची बदकांच्या शिकारीची जागा होती. १९३८ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या उपस्थितीत एकाच दिवसात चार हजारांहून अधिक पक्षी मारले गेले. अशा शिकारींचे आकडे कोरलेला शिलालेख आजही केवलादेवाच्या मंदिराजवळ उभा आहे. १९८१ साली या पाणथळीचा समावेश रामसर यादीत झाला, १९८२ साली तिला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि १९८५ साली ती जागतिक वारसास्थळ ठरली.

या उद्यानाची व्यवस्था आपल्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. खाजगी मोटारींना प्रवेशद्वारापासून थोड्याच अंतरापर्यंत जाऊ देतात. त्यापुढे पायी, सायकलने किंवा रिक्षाने जावे लागते. सायकली तेथेच भाड्याने मिळतात. सायकलरिक्षा चालविणाऱ्या स्थानिक लोकांना पक्ष्यांची ओळख करून देण्याचे शिक्षण मिळालेले आहे, आणि त्यांतील अनेकजण एखाद्या अभ्यासकाच्या तोडीने पक्षी ओळखतात. अलीकडच्या वर्षांत विजेवर चालणाऱ्या रिक्षाही आल्या आहेत. मुख्य रस्ता डांबरी असून तो पाणथळीचे भाग पाडणाऱ्या बांधांवरून, दुतर्फा झाडांच्या सावलीतून जातो. चढउतार जवळजवळ नाहीच. प्रवेशद्वारापासून केवलादेवाच्या मंदिरापर्यंतचे अंतर सुमारे पाच किलोमीटर आहे. ताशी दहा किलोमीटरच्या संथ गतीने हे अंतर अर्ध्या तासात पार होते. म्हणजे एका दिशेने ती व्यायामाची एक मात्रा झाली आणि परतीची दुसरी, मध्ये विश्रांती. मात्रा मोजून देण्यास याहून सोयीचे परिमाण शोधूनही सापडणार नाही.

सायकलवरून या बांधावर जाताना वैद्याला द्रव्यगुणाचा पाठही आपोआप मिळतो. पाण्यात उभ्या बाभळींवर पावसाळ्यानंतर रंगीत करकोच्यांची वसाहत भरते. कोरड्या भागात शमी, करीर, पीलू आणि बदर यांची झाडी दिसते. गवताळ भागात उशीर आहे. जांभूळ आहे आणि कळंबही आहे. जी द्रव्ये आपण वाळलेल्या अवस्थेत पोत्यांतून पाहतो, ती येथे मुळावर उभी दिसतात. चरकसंहितेच्या निदानस्थानात प्रमेहाविषयी एक मार्मिक दृष्टान्त आहे. जो खाण्याचा लोभी आहे आणि ज्याला स्नानाचा व चालण्याचा कंटाळा आहे, त्याच्याकडे प्रमेह असा धावतो, जसे पक्षी आपल्या घरट्याच्या झाडाकडे. घन्यातील सायंकाळ पाहिलेल्या माणसाला या दृष्टान्तातील वेग समजतो.

वनाचा नियम आणि व्यायामाचा नियम

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. संरक्षित वनात ज्या मर्यादा वन्यजीवांसाठी घालाव्या लागतात, त्याच मर्यादा अष्टांगहृदयाने व्यायामासाठी घातल्या आहेत.

वाग्भटांनी व्यायाम अर्धशक्तीने करावयास सांगितला आहे. कपाळ, नाक, काख येथे घाम सुटू लागला आणि तोंडाला कोरड पडू लागली की अर्धी शक्ती खर्च झाली असे समजून थांबावे. वनातही वेगाने सायकल हाकणे वर्ज्य आहे, कारण वेगाने प्राणी बिथरतात आणि वळणावर अपघात होतो. शीतकालात आणि वसंतात व्यायाम करावा, इतर ऋतूंत तो अल्पच ठेवावा असे शास्त्र सांगते. भरतपूरचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च, म्हणजे मुख्यतः हेमंत आणि शिशिर. ग्रीष्मात तेथील ऊन सहन होण्यासारखे नसते. वर्षा ऋतूत श्रम टाळावेत असे ऋतुचर्येत आहे, आणि आपल्या महाराष्ट्रातील व्याघ्रप्रकल्पांची गाभाक्षेत्रेही पावसाळ्यात पर्यटनासाठी बंदच असतात. वनात सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतर फिरू नये हा नियम दिनचर्येलाही पोषक आहे. मोठ्याने बोलू नये, गाणी लावू नयेत, हा तर मनालाच दिलेला पथ्याचा नियम आहे.

व्यायामशाळेतील यंत्र रुग्णाला 'आणखी वेगाने' असे सांगत असते. वन त्याला 'हळू' म्हणते. अतिव्यायामाने तृष्णा, क्षय, प्रतमक, रक्तपित्त, कास, ज्वर इत्यादी उपद्रव होतात असे ज्या शास्त्राने बजावले आहे, त्या शास्त्राच्या अभ्यासकाने कोणत्या जागेची शिफारस करावी हे वेगळे सांगावयास नको.

एक गंभीर आक्षेप

वनप्रेमी मंडळी येथे आक्षेप घेतील की संरक्षित वन हे वन्यजीवांसाठी आहे, ते रुग्णांचे फिरण्याचे मैदान नव्हे. हा आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. वनाचा नाश करून आरोग्य मिळविण्याची कल्पना जनपदोद्ध्वंसाचा अध्याय वाचलेल्या वैद्याला तरी मान्य होणार नाही. म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. नवीन रस्ता एकही नको, एकही झाड तोडावयास नको. वनातून आज जो रस्ता गेलेला आहे आणि ज्यावरून मोटारी धावत आहेत, त्यावरील मोटारी कमी कराव्यात आणि तोच रस्ता ठराविक वेळी पादचारी व सायकलस्वारांना मोकळा करावा. मोटारीच्या जागी सायकल आली तर वनाचा भार हलका होतो. जेथे पर्यटकांना आज प्रवेशच नाही, तेथे तो सायकलच्या निमित्ताने मागू नये.

या बाबतीतही भरतपूरचा इतिहास बोधप्रद आहे. १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झाल्यावर तेथे गुरचराईवर बंदी आली. पिढ्यान्‌पिढ्या म्हशी चारणाऱ्या भोवतालच्या गावांनी विरोध केला, संघर्ष झाला, पोलिसांच्या गोळीबारात काही ग्रामस्थ मृत्युमुखी पडले. म्हशी बाहेर गेल्यावर पाणथळीत पास्पालम जातीचे गवत अनिर्बंध वाढले आणि उघडे पाणी झाकू लागले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने तेथे केलेल्या दीर्घकालीन अभ्यासातून असे निष्पन्न झाले की म्हशींच्या चरण्यामुळेच त्या गवतावर नियंत्रण राहत होते. मनुष्याला सर्वस्वी बाहेर काढणे हे वनरक्षणाचे उत्तर नव्हे, आणि त्याला मोकाट आत सोडणे हेही नव्हे. योग्य मात्रा हेच उत्तर. विषही मात्रेने औषध होते आणि अन्नही अतिमात्रेने विष होते, हे आपण रोज रुग्णांना सांगतो. वनातील मनुष्याच्या वावराला हाच न्याय लागू आहे.

सायकलमार्गाच्या नावाखाली स्पर्धा भरविणे, शेकडो लोकांच्या झुंडी आत नेणे, खाद्यपदार्थांच्या गाड्या लावणे, या गोष्टींना आपण वैद्यांनीच प्रथम विरोध केला पाहिजे. संख्या ठरलेली असावी, वेळ ठरलेली असावी, आणि स्थानिकांना त्यातून उपजीविका मिळावी. घन्यातील रिक्षाचालक हे त्या वनाचे पहारेकरीही आहेत, याचे कारण त्यांची चूल त्या वनावर पेटते.

वन लहान, शिवार मोठे

राष्ट्रीय उद्यान प्रत्येक जिल्ह्यात नसते. जेथे आहे तेथेही त्याचा थोडाच भाग लोकांना खुला असतो. म्हणून वनाच्या भोवतालचा ग्रामीण परिसर हा या योजनेचा अधिक महत्त्वाचा भाग आहे. सुश्रुतांची वाट गावावरून गावाला जाणारी होती, हे येथे पुन्हा आठवावे.

या बाबतीत युरोपातील दोन उदाहरणे उद्बोधक आहेत. नेदरलँड्समधील डी होगे वेलुवे हे राष्ट्रीय उद्यान सुमारे ५४ चौरस किलोमीटरचे. तेथे वन, माळ आणि वाळूच्या टेकड्या यांतून ४० किलोमीटरहून अधिक लांबीचे सायकलमार्ग आहेत. सुमारे अठराशे पांढऱ्या सायकली प्रवेशद्वारांपाशी ठेवलेल्या असतात, आणि प्रवेशशुल्क भरलेल्या कोणीही त्यांतील एक घ्यावी, वेगळे भाडे नाही. दुसरे उदाहरण शेजारच्या बेल्जियममधील लिंबर्ग प्रांताचे. तेथे १९९५ साली ह्युगो बोलेन या खाण-अभियंत्याच्या कल्पनेतून ग्रामीण वाटा जिथे मिळतात त्या प्रत्येक नाक्याला क्रमांक देण्यात आला. आपल्याला कोणकोणत्या क्रमांकांवरून जायचे आहे एवढे कागदावर टिपून घ्यावे आणि पाट्या पाहत जावे. ही पद्धत पुढे नेदरलँड्समध्येही सर्वत्र पसरली. तिचे मर्म असे की बहुतेक वाटा आधीपासूनच होत्या. शेतांमधल्या, कालव्यांकाठच्या, वनाच्या कडेच्या कमी वर्दळीच्या वाटा जोडल्या गेल्या आणि त्यांना पाट्या लागल्या.

आपल्याकडे अशा वाटा नाहीत काय? पाणंद आहे, गाडीवाट आहे, कालव्याचा सेवारस्ता आहे, वनाच्या हद्दीवरचा कच्चा रस्ता आहे. शेतकऱ्याला बारमाही रस्ता मिळावा म्हणून महाराष्ट्र शासनाने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना आणली. शेतमालासाठी सुधारलेली पाणंद सकाळच्या वेळी सायकललाही चालते. त्यासाठी वेगळी जमीन संपादन करावी लागत नाही. गावच्या वैद्याने, ग्रामपंचायतीने आणि शाळेने मिळून पाच ते आठ किलोमीटरचा एक वर्तुळाकार फेरा निश्चित केला, वळणांवर क्रमांकाच्या पाट्या लावल्या आणि मध्ये पिण्याच्या पाण्याची व बसण्याची एक जागा ठेवली, की त्या गावाचा चिकित्सामार्ग तयार झाला.

मुंबईकरांच्या हाताशी तर संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे वन महानगराच्या कुशीत आहे. बोरिवलीच्या प्रवेशद्वारापाशी सायकली भाड्याने मिळण्याची सोय अनेक वर्षांपासून आहे, आणि तेथून कान्हेरी लेण्यांकडे जाणारा डांबरी रस्ता वनातून जातो. त्याच रस्त्यावर बसगाड्या व इतर वाहनेही ये-जा करीत आली आहेत. आठवड्यातील काही सकाळी हा रस्ता निखळ पादचारी व सायकलस्वारांसाठी राखून ठेवणे अशक्य नाही. हे बिबट्यांचे वन आहे, म्हणून उजाडण्यापूर्वी, तिन्हीसांजेला किंवा एकट्याने तेथे फिरू नये, हे मात्र रुग्णाला बजावूनच सांगावे. लेण्यांजवळचा चढही हृद्रोग्याने व संधिवाताच्या रुग्णाने टाळावा.

चिठ्ठीवर काय लिहावे

आता व्यवहाराकडे येऊ. सायकल चालविणे हे यान आणि व्यायाम या दोहोंचे मिश्रण आहे, म्हणून दोन्हींचे विधिनिषेध तिला लागू होतात. व्यवसायबंधूंच्या विचारार्थ काही सूचना पुढे देतो.

स्थौल्य, प्रमेहाची प्रथमावस्था, कफप्रधान अग्निमांद्य, आळस व निद्राधिक्य यांत सपाट मार्गावरील सायकल उत्तम. आरंभ १० ते १५ मिनिटांनी करावा आणि बल पाहून ३० मिनिटांपर्यंत न्यावा. बोलता येईल पण गाता येणार नाही इतकीच गती ठेवावी. वेग वाढविण्यापेक्षा दिवस वाढवावेत.

जानुसंधिगत वातात शरीराचा बराचसा भार सीटवर जात असल्याने चालण्यापेक्षा सायकल पुष्कळांना सुसह्य होते. मात्र सीटची उंची अशी असावी की पायटा खाली गेल्यावर गुडघा किंचितच वाकलेला राहील. सीट खाली असेल तर गुडघ्यावर ताण येऊन वेदना वाढते. शोथ व उष्णस्पर्श असताना सायकल देऊ नये. आधी स्नेहन-स्वेदन, मग व्यायाम.

भगंदराचा व्रण भरून आल्यावरही एक वर्षपर्यंत व्यायाम आणि पृष्ठयान, म्हणजे पाठीवर बसून केलेला प्रवास, टाळावा असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. सायकलची सीट ही त्याच प्रकारात मोडते. अर्श व परिकर्तिका असलेल्या रुग्णांनाही ती वर्ज्य समजावी. क्षारसूत्र करणाऱ्या वैद्यांनी हा निषेध रुग्णाला आवर्जून लेखी द्यावा.

वमन-विरेचनादी शोधनानंतर संसर्जनक्रम संपेपर्यंत रथक्षोभ, अतिचंक्रमण व अत्यासन टाळावे लागते. त्यामुळे त्या काळात सायकल नको. गर्भिणीलाही धक्के देणारे यान निषिद्धच आहे. वातपित्ताचे रुग्ण, बालके, वृद्ध आणि अजीर्णी यांनी व्यायाम टाळावा हा सामान्य नियम आहेच. वृद्धांना सायकलऐवजी त्याच वाटेवर मंद चालणे सांगता येते.

मधुमेहाच्या ज्या रुग्णांना इन्शुलिन किंवा साखर वेगाने उतरविणारी आधुनिक औषधे चालू आहेत, त्यांनी खिशात साखर किंवा गूळ ठेवावा, उपाशीपोटी लांबचा फेरा करू नये आणि एकटे जाऊ नये. चाळिशी उलटलेल्या व बैठे जीवन जगलेल्या रुग्णाचा रक्तदाब व ई.सी.जी. पाहिल्याखेरीज व्यायाम सुरू करू नये. छातीत दुखले, दम लागला, चक्कर आली तर तेथेच थांबावे. वनातील मार्गावर मदत उशिरा पोहोचते, हे रुग्णाने व वैद्याने दोघांनीही ध्यानात ठेवावे.

औषधनिर्मात्यांना विनंती

या त्रैमासिकाचे अनेक वाचक औषधनिर्माणशाळांचे व औषधालयांचे स्वामी आहेत. आपला सर्व व्यवहार अखेर वनावर उभा आहे. वन हे आपल्याला आजवर कच्च्या मालाचे कोठार वाटत आले. त्या दृष्टीमुळेच गुग्गुळासारखी वनस्पती आज अतिसंकटग्रस्त ठरली आहे. राष्ट्रीय उद्यानातून वनस्पती काढणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये निषिद्ध आहे. त्या वनातून आपल्याला मूळ, साल, पान काहीही मिळणार नाही, आणि मिळूही नये. परंतु तेथून काहीही न आणता रुग्णाला बरेच काही मिळू शकते, ही गोष्ट आपण स्वीकारली तर वनाशी असलेले आपले नाते पालटेल.

औषधनिर्मात्यांनी आपल्या परिसरातील एखाद्या शिवारमार्गाचे पालकत्व घ्यावे. दिशादर्शक पाट्या, झाडांच्या संस्कृत व मराठी नावांच्या पट्ट्या, पिण्याच्या पाण्याची सोय, आणि गरीब रुग्णांसाठी दहा-पंधरा साध्या सायकली, एवढा खर्च दिनदर्शिका आणि भिंतीवरच्या जाहिराती यांवर होणाऱ्या खर्चातून सहज निघेल. सायकली साध्याच असाव्यात. गिअरच्या महागड्या सायकलींची सपाट वाटेवर गरज नाही. त्यांची देखभाल गावातील पंक्चर काढणाऱ्या कारागिराला करता आली पाहिजे. पाटीवर औषधाची जाहिरात मात्र नको. झाडाचे नाव हीच तेथे शोभणारी जाहिरात आहे.

संघटनेपुढे प्रस्ताव

काही व्यवसायबंधू म्हणतील की रस्ते करणे हे शासनाचे काम, वैद्याचे नव्हे. रस्ता करणे वैद्याचे काम नसेलही, परंतु रस्ता नसल्यामुळे होणारा रोग त्याच्याच दारी येतो. दूषित पाण्यामुळे साथ आली तर आपण औषध देतोच, शिवाय विहिरीकडेही बोट दाखवितो. येथेही तेच करावयाचे आहे.

म्हणून आपल्या संघटनेच्या प्रत्येक जिल्हा शाखेने तीन कामे हाती घ्यावीत अशी नम्र सूचना करतो. पहिले, आपल्या तालुक्यातील कमी वर्दळीच्या, सपाट, सावलीच्या वाटांची यादी करावी आणि प्रत्येक वाटेवर एका तरी वैद्याने स्वतः सायकल चालवून चढ, खड्डे, कुत्री, पाणी व वळणे यांची नोंद घ्यावी. दुसरे, जेथे संरक्षित वनातून पर्यटकांचा रस्ता आहे तेथे वनविभागाला लेखी निवेदन द्यावे की आठवड्यातील ठराविक सकाळी तो मोटारींना बंद ठेवावा. या निवेदनात नवीन बांधकामाची मागणी कटाक्षाने टाळावी. तिसरे, या वाटांची माहिती प्रत्येक चिकित्सालयात लावावी आणि औषधाच्या चिठ्ठीवर वाटेचे नाव, अंतर, वेळ व ऋतू लिहिण्याचा प्रघात पाडावा.

रुग्णाच्या हाती 'त्रिफळाचूर्ण, रात्री, कोमट पाण्याबरोबर' या ओळीखाली 'कालव्याची वाट, पूल ते मारुतीमंदिर, सकाळी अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, घाम येईपर्यंतच' अशी दुसरी ओळ पडली, तर तो ती पाळेल. संदिग्ध उपदेश कोणी पाळीत नाही, नेमका उपदेश पुष्कळजण पाळतात, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. येत्या शरद ऋतूपर्यंत शाखांनी आपापल्या वाटांच्या याद्या पूर्ण केल्या, तर हेमंताच्या आरंभी रुग्णांना त्या देता येतील. व्यायामाचा ऋतू तोच आहे.